उजेड कोणाच्या घरात, राख कोणाच्या छातीत?

मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या गावात जा आणि आपली वस्ती कोठे आहे ते विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते. गावाच्या पूर्वेला, ओढ्याच्या खालच्या अंगाला. आपली जुनी माणसे याचे कारणही सांगत असत. आपल्याकडे वारा वर्षातील बराच काळ पश्चिमेकडून वाहतो. महारवाड्यावरून, मांगवाड्यावरून आलेला वारा गावाच्या अंगाला लागू नये. मात्र गावाचा धूर, गावाची घाण, गावाने वापरून सोडलेले पाणी आपल्याकडे यावे, अशी ती रचना होती. विटाळ स्पर्शाचा होता, सावलीचा होता आणि वाऱ्याचाही होता. आज हवा प्रदूषणाचे तज्ज्ञ नकाशे पसरून 'वाऱ्याच्या खालच्या बाजूला कोण राहतो' याचा अभ्यास करतात. आम्हाला या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

दरवर्षी थंडी सुरू झाली की दिल्लीच्या हवेवर चर्चा झडते. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत सकाळी फिरायला जाणाऱ्यांना होणाऱ्या त्रासाच्या बातम्या येतात. श्रीमंतांच्या घरात हवा शुद्ध करण्याची यंत्रे बसतात. 'हवा सगळ्यांची असते, प्रदूषण गरीब-श्रीमंत पाहत नाही' असेही सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. हवा सगळ्यांची असली तरी घर सगळ्यांचे एका जागी नसते, काम सगळ्यांचे एकसारखे नसते आणि आजारी पडल्यावर दवाखाना सगळ्यांना सारखा मिळत नाही. २०१९ या एका वर्षात भारतात हवा प्रदूषणामुळे सुमारे १६ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज 'लान्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. ही माणसे कोणत्या वस्तीतली, कोणत्या कामावरची, कोणत्या जातीची होती, याचा रकाना मात्र कोठेही नाही. ज्या समाजाचा मृत्यूही वेगळा मोजला जात नाही, त्या समाजाच्या श्वासाची चिंता कोण करणार?

बीड जिल्ह्याचे नाव निघाले की लोकांना दुष्काळ आठवतो, ऊसतोड कामगार आठवतात. येथे मोठे कारखाने नाहीत, मग येथे कसले आले हवेचे प्रदूषण, असे बाहेरच्यांना वाटते. त्यांनी एकदा परळी वैजनाथला यावे. उन्हाळ्याच्या दुपारी यावे आणि वारा सुटल्यावर दाऊतपूर, दादाहरी वडगावच्या शिवारात उभे राहावे.

राख येते कोठून?

परळीला औष्णिक विद्युत केंद्र सुरू झाले ते १९७१ साली, ३० मेगावॅटच्या छोट्या संचांनी. पुढे २१० मेगावॅटचे तीन संच आले, मग २५० मेगावॅटचे तीन आले. जुने संच आता कालबाह्य होऊन बंद झाले आहेत. आज २५० मेगावॅटचे तीन, म्हणजे एकूण ७५० मेगावॅटचे केंद्र महानिर्मिती कंपनी चालवते. आपल्या देशातल्या कोळशात राखेचे प्रमाण फार असते. शंभर किलो कोळसा जाळला तर साधारण तीस ते पंचेचाळीस किलो राख उरते. केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर रोज काही हजार टन राख तयार होते. तिच्यातला मोठा भाग धुराबरोबर वर उडतो. तो यंत्रांनी पकडायचा असतो. पकडलेली कोरडी राख सिमेंट कारखान्यांना बंद टाक्यांच्या बल्करमधून जाते. उरलेली राख पाण्यात कालवून पाइपातून राखेच्या तळ्यात सोडली जाते.

तळ्यातली राख ओली असते तोवर बसून राहते. वाळली की ती मातीपेक्षा हलकी. वाऱ्याची झुळूक आली तरी उठते. मराठवाड्यात पाणी कोठे आहे? २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून हे संपूर्ण केंद्रच बंद ठेवावे लागले होते. जेथे वीज करायला पाणी मिळत नाही, तेथे राख ओली ठेवायला पाणी कोण देणार? तळ्यातली राख उघड्या टिप्परमध्ये, हायवामध्ये भरली जाते आणि सांडत सांडत वीटभट्ट्यांवर जाते. रस्त्यावर पडलेली राख पुढच्या गाडीच्या चाकाखाली चिरडून आणखी बारीक होते, पुन्हा उडते, पुन्हा बसते. ती पिकाच्या पानावर, विहिरीच्या पाण्यावर, वाळत घातलेल्या कपड्यावर, झाकून ठेवलेल्या भाकरीवर बसते आणि माणसाच्या फुफ्फुसात जाते.

या राखेत सिलिका असते, अॅल्युमिनियम आणि लोखंडाचे क्षार असतात, शिसे, आर्सेनिक, पारा यांसारख्या जड धातूंचे अंश असतात. जाड कण नाकात, घशात अडकतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्यांना 'पीएम २.५' म्हणतात, ते फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत पोहोचतात आणि तेथून रक्तात उतरतात. त्यातून दमा वाढतो, श्वासनलिका कायमच्या आखडतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. सिलिकाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्याला सिलिकोसिस होतो आणि अशा फुफ्फुसात क्षयाचे जंतू लवकर घर करतात. आपल्या वस्त्यांत क्षयरोग 'गरिबीचा आजार' म्हणून ओळखला जातो. त्या गरिबीत धूळ आणि धूर किती आहे, हे मात्र केसपेपरवर लिहिले जात नाही.

यात आणखी एक साखळी आहे. बीडचा ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो. सहा महिने तो कारखान्याच्या धुराड्याजवळ कोपीत राहतो. त्या कोपीत बायको पहाटे तीन वाजता उठून पाचट, काटक्या पेटवते. मूल त्याच धुरात झोपलेले असते. हंगाम संपला की गावी येऊन त्यातलेच अनेक जण वीटभट्टीवर जातात, कोणी राखेच्या गाड्या भरायला जातात. म्हणजे वर्षाचे सहा महिने चुलीचा आणि कारखान्याचा धूर, उरलेले सहा महिने भट्टीचा धूर आणि राख. या माणसाला 'तुला दमा कशाने झाला?' असे विचारले तर तो काय सांगणार? डॉक्टर विचारतात, 'बिडी ओढता का?' तो 'हो' म्हणतो आणि प्रश्न तेथेच संपतो.

आम्ही विजेच्या विरोधात नाही

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परळीच्या राखेवर बोलणारा प्रत्येक जण विकासाचा विरोधक आहे, अशी ओरड लगेच सुरू होते. आम्हाला विजेचे महत्त्व कोणी शिकवू नये. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे वीज आणि पाटबंधारे हे विषय होते. दामोदर खोरे योजनेची पायाभरणी त्यांच्या काळात झाली. देशाच्या वीजविकासाचे नियोजन करणारे केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ साली त्यांच्याच खात्यात उभे राहिले. स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याशिवाय उद्योग येणार नाहीत आणि उद्योग आल्याशिवाय जातीच्या धंद्यात अडकलेला माणूस मोकळा होणार नाही, ही त्यांची भूमिका होती. शेतीवरचा भार कमी करून माणसाला कारखान्याकडे नेण्याचा विचार त्यांनी मांडला तेव्हा आजचे विकासपुरुष जन्मालाही आले नव्हते.

त्याच बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून कामगाराचे तास, स्त्री कामगारांची प्रसूती रजा, खाण कामगारांचे कल्याण यांचेही कायदे केले. वीज आणि मजुराचा जीव या दोन गोष्टी त्यांनी एकाच टेबलावर ठेवल्या. त्यांच्यानंतरच्या राज्यकर्त्यांनी वीज उचलली आणि मजुराचा जीव कंत्राटदाराच्या हवाली केला. परळीत तयार झालेली वीज राज्याच्या जाळ्यात जाते. ती मुंबईच्या मॉलमध्ये आणि पुण्याच्या आयटी पार्कमध्ये जळते. आमच्या वस्त्यांत उन्हाळ्यात भारनियमन होते आणि थकबाकी झाली की तारा तोडल्या जातात. राख मात्र कधीही परळीबाहेरच्या जाळ्यात जात नाही, तिच्यासाठी भारनियमनही नाही. आमचा आक्षेप या वाटणीला आहे.

राखेतून कोणी सोने काढले?

राख टाकाऊ आहे असे सामान्य माणसाला वाटते. प्रत्यक्षात ती पैसा आहे. सिमेंटला राख लागते, विटांना लागते, रस्त्यांच्या भरावाला लागते. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्यातील खंडणी, दहशत आणि राखेचा व्यवहार यांची चर्चा राज्यभर झाली. या प्रकरणाची एक बाजू आपल्या समाजाने विसरता कामा नये. हत्येच्या तीन दिवस आधी, ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाणदिनी, गावाजवळच्या पवनऊर्जा प्रकल्पावरील एका दलित सुरक्षा रक्षकाला मारहाण झाली होती आणि त्याला सोडवायला सरपंच धावून गेले होते. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यामुळे आरोपींविषयी आम्ही येथे काही लिहिणार नाही. परंतु वीज कोळशाची असो की वाऱ्याची, तिच्या दारात रात्रपाळीला उभा असणारा, पहिला मार खाणारा माणूस कोण असतो, हे त्या दिवशी दिसले.

जानेवारी २०२५ मध्ये परळी तालुक्यातील सौंदाना गावच्या सरपंचांचा राखेच्या टिप्परच्या धडकेत मृत्यू झाला. तेव्हा काही दिवस वाहतुकीवर कारवाई झाल्याच्या बातम्या आल्या. टिप्परखाली माणूस मेला तर पंचनामा होतो, गुन्हा दाखल होतो, विम्याचा दावा होतो. तीच राख वीस वर्षे छातीत साठून माणूस मेला तर पंचनामा नाही. दोन्ही मृत्यू राखेनेच झाले. कायद्याला एक दिसतो, दुसरा दिसत नाही.

गाव सोडले, वारा सुटला नाही

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो कुटुंबे मुंबईला गेली. १९७८ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाल्यावर गावोगाव आपली घरे जाळली गेली, तेव्हाही आपल्या लोकांनी शहरांची वाट धरली. खेडे सोडा, शहराकडे चला, हा बाबासाहेबांचा सांगावा होता आणि तो बरोबरच होता. शहराने आपल्याला शिक्षण दिले, नोकरी दिली, नाव विचारल्याशिवाय चहा दिला. राहायला जागा मात्र शहराने गावासारखीच दिली. नाल्याच्या कडेला, रेल्वेरुळाच्या बाजूला, कचऱ्याच्या डोंगराखाली.

गोवंडी, मानखुर्द, देवनार या भागात आजही बीड, जालना, परभणीची माणसे भेटतात. ज्या १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच सालापासून देवनारला मुंबईचा कचरा टाकला जात आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्या कचऱ्याला आग लागली, तेव्हा सगळी मुंबई काही दिवस खोकली आणि सगळ्या वाहिन्या तेथे पोहोचल्या. वस्ती त्याआधीही खोकत होती आणि नंतरही खोकत राहिली. २००९ मध्ये मुंबईच्या रुग्णालयांचा कचरा जाळण्याचा प्रकल्प याच वस्त्यांच्या शेजारी आला. त्याच वर्षीच्या मुंबई मानव विकास अहवालात या एम-पूर्व विभागाचे सरासरी आयुर्मान ३९ वर्षांच्या आसपास नोंदवले गेले. साठीही गाठू न देणारी ही महानगराची वेस आहे.

माहुलची गोष्ट याहून बोलकी आहे. जलवाहिन्यांवरच्या झोपड्या हटवून हजारो कुटुंबांना 'पुनर्वसन' म्हणून तेलशुद्धीकरण आणि रसायनांच्या कारखान्यांच्या दारात इमारती बांधून दिल्या गेल्या. केईएम रुग्णालयाच्या २०१३ च्या पाहणीत त्या परिसरातील साधारण तीनपैकी दोघांना वारंवार श्वासाचा त्रास होत असल्याचे आढळले होते. रहिवासी वर्षानुवर्षे लढले. शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, लोकांना तेथे राहायला भाग पाडता येणार नाही. दुसरी जागा द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडे द्या. माणसांना सक्तीने विषारी हवेत ठेवता येत नाही, हे तत्त्व त्या गरिबांनी न्यायालयाकडून वदवून घेतले. तेच तत्त्व दाऊतपूरला, दादाहरी वडगावला लागू होत नाही काय?

मोजपट्टीतली जात

आता सरकारी मोजपट्टी पाहू. केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा सलग वर्षे मर्यादेपेक्षा वाईट आढळली, त्यांना निधी द्यायचा असे ठरले. महाराष्ट्रातील १९ शहरे यादीत आली. मराठवाड्यातून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना आणि लातूर आले. बीड नाही, परळी नाही. यादी मोजमापावरून झाली. ज्या गावात वर्षानुवर्षे नीट मोजलेच नाही, ते गाव यादीत येणार कसे? शाळेत ज्याचे नावच घातले नाही त्याला नापास तरी कोण करणार?

दुसरे उदाहरण जुलै २०२५ चे आहे. कोळशाच्या वीज केंद्रांतून निघणारा गंधकाचा वायू रोखण्यासाठी धुराड्याला विशेष यंत्रणा बसवायची, असे डिसेंबर २०१५ मध्ये ठरले होते. मुदती एकामागून एक वाढत गेल्या. अखेर ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने केंद्रांचे तीन वर्ग केले. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्यांना यंत्रणा सक्तीची. अतिप्रदूषित क्षेत्राजवळ किंवा त्या वर सांगितलेल्या यादीतील शहरांजवळ असलेल्यांचा निर्णय प्रकरणागणिक. उरलेल्या सगळ्यांना, धुराडे पुरेसे उंच असेल तर, सूट. परळी दशलक्षी शहर नाही, यादीतही नाही. म्हणजे या मोजपट्टीने ती तिसऱ्या वर्गात जाऊन पडते. आधी मोजले नाही म्हणून यादीत नाव नाही, आणि आता यादीत नाव नाही म्हणून यंत्रणा नाही. एका अन्यायाच्या पायावर दुसरा अन्याय कसा रचला जातो, याचा हा नमुना आहे. दिल्लीकराचे फुफ्फुस आणि परळीकराचे फुफ्फुस यांत राज्यघटनेने फरक केलेला नाही, अधिसूचनेने केला आहे.

तिसरी गोष्ट शिक्षेची. १९८१ च्या हवा प्रदूषण प्रतिबंध कायद्यात मंडळाच्या अटी मोडणाऱ्या कारखानदाराला किमान दीड वर्षे आणि कमाल सहा वर्षे कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून १० हजार ते १५ लाख रुपये दंडावर आणली. एप्रिल २०२४ पासून हा बदल लागू आहे. भाकरी चोरणाऱ्याला तुरुंग, श्वास चोरणाऱ्याला पावती. आणि याला नाव 'जनविश्वास'!

आम्हा वकिलांना यात एक पोकळीही दिसते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या वापरातील पाण्याचा स्रोत घाण करणे हा पहिल्यापासून गुन्हा आहे. त्या कलमामागे महाडचा इतिहास आहे. त्यांच्या घरात, दारात किंवा अपमानाच्या हेतूने शेजारात घाण टाकणे हाही गुन्हा आहे. हवेबद्दल मात्र त्या कायद्यात एक शब्द नाही. संपूर्ण वस्तीच्या वाऱ्याच्या तोंडावर राखेचे तळे किंवा कचरा जाळण्याची भट्टी आणून बसवली, तर 'हेतू' कोणाचा सिद्ध करायचा? फाइलवर सह्या करणाऱ्या दहा अधिकाऱ्यांपैकी कोणीच मुद्दाम केलेले नसते. मागील काळात पाण्यासाठी जे कलम मिळवले गेले, तसे हवेसाठी मिळवणे हे आता चळवळीचे काम आहे.

फुफ्फुसाचा पुरावा कोण देणार?

कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे चालवताना आम्ही एकच अडचण पुन्हापुन्हा पाहिली आहे. धुळीमुळे होणारे फुफ्फुसाचे आजार १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेले होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिसचा रुग्ण आढळल्यास डॉक्टरने कळवणे बंधनकारक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली आहे. कायदा जुना असो की नवा, कंत्राटी कामगाराकडे हजेरीचा कागद नसतो. कंत्राटदार दर दोन वर्षांनी बदलतो. माणूस एकाच ठिकाणी पंधरा वर्षे राख उपसतो आणि कागदावर तो पंधरा वर्षे कोठेच नसतो. दवाखान्यात खोकल्याचे औषध मिळते, क्ष-किरण काढला तर क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. 'तुम्ही काम काय करता?' हा साधा प्रश्न केसपेपरवर नसल्यामुळे पुढे न्यायालयात पुरावा नसतो. अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय परळीपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. तेथील तज्ज्ञांनी राखेच्या गावांत, वीटभट्ट्यांवर आणि आपल्या वस्त्यांत जाऊन फुफ्फुसांची नियमित तपासणी केली, तर दहा वर्षांत असा पुरावा उभा राहील की कोणत्याही कंपनीला तो नाकारता येणार नाही.

पुराव्याची ताकद जगाने पाहिली आहे. लंडनमध्ये एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी दम्याने २०१३ साली वारली. तिचे घर वाहनांनी भरलेल्या रस्त्याजवळ होते. तिच्या आईने हार मानली नाही. २०२० साली मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने हवा प्रदूषण हे तिच्या मृत्यूचे एक कारण असल्याचे नोंदवले. अमेरिकेत १९८२ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील वॉरेन परगण्यात, जेथे कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी होती, विषारी माती पुरण्याचे ठरले. लोक ट्रकसमोर रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. ट्रक थांबले नाहीत. पण त्या लढ्यातून 'घाण नेहमी आमच्याच दारात का?' हा प्रश्न तेथील नागरी हक्क चळवळीचा प्रश्न झाला. ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली दलित पँथर उभी करणाऱ्या समाजाला हा धागा समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता काय करायचे?

हा विषय पर्यावरणवाद्यांचा आहे, आपला नाही, असा एक समज आपल्या कार्यकर्त्यांत आहे. आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती, गायरान हे आपले प्रश्न, आणि झाडे, हवा, पाणी हे पोटभरलेल्यांचे प्रश्न, असे वाटते. विहारात आपली मुले आनापानसती करायला बसतात, श्वास आत घेताना आणि सोडताना त्याकडे लक्ष द्यायला शिकतात. त्या श्वासात काय आत चालले आहे, याकडे लक्ष देणे चळवळीचे काम नाही काय?

त्यासाठी हत्यारे आपल्या हातात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुभाष कुमार प्रकरणात प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. १९९६ च्या वेल्लोर प्रकरणात 'प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी' हे तत्त्व मान्य केले. २०२४ च्या रणजितसिंह प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण कलम २१ बरोबरच कलम १४ च्या समतेच्या हक्कातही शोधले. ही शेवटची गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची आहे. हवेचा प्रश्न हा समतेचा प्रश्न आहे, असे म्हणण्याची वाट न्यायालयाने मोकळी केली आहे.

राखेबाबत ३१ डिसेंबर २०२१ ची केंद्रीय अधिसूचना आहे. केंद्राने तयार होणाऱ्या सर्व राखेचा वापर केला पाहिजे, न केल्यास टनामागे एक हजार रुपये भरपाई भरली पाहिजे, असे ती सांगते. परळीत दरवर्षी किती राख तयार झाली, किती उचलली, कोणी उचलली, किती भरपाई भरली, हे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत. ग्रामसभेत ठराव करता येतो. पुण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पीठ आहे. भरपाई मागायची नसेल तर तेथील अर्जाचे शुल्क एक हजार रुपये आहे. साधा पर्यावरणीय वाद असेल तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, आणि भरपाई किंवा पुनर्वसन मागायचे असेल तर पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. ही मुदत कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी. चांगले दावे मुदतीअभावी बाद होतात.

आमच्या मागण्या साध्या आहेत. राखेच्या गावांत आणि आपल्या वस्त्यांत हवा मोजणारी केंद्रे बसवा आणि रोजचे आकडे मराठीत फलकावर लावा. राखेची एकही गाडी उघडी जाऊ देऊ नका. तळी ओली ठेवा, भरलेली तळी मातीने झाका. प्रत्येक कंत्राटी आणि वीटभट्टी कामगाराच्या नावाने आरोग्यपत्रिका काढा, तिच्यात कामाचा प्रकार लिहा. ज्या गावांना पुनर्वसन हवे आहे त्यांचे सन्मानाने पुनर्वसन करा, पण माहुलसारखे नको. आणि येत्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आहेच, तर आरोग्याच्या पाहण्यांतही जात आणि वस्ती नोंदवा. कोणाच्या छातीत काय आहे, ते देशाला एकदा कळू द्या.

महाडला आपण पाण्याला हात लावला तो केवळ तहान भागवण्यासाठी नव्हता. इतरांसारखी आम्हीही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी होता. ते तळे डोळ्यांना दिसत होते, त्याला पायऱ्या होत्या, म्हणून तेथपर्यंत चालत जाता आले. हवेला पायऱ्या नाहीत, ती अडवणारा माणूसही समोर काठी घेऊन उभा नाही. त्यामुळे हा लढा अवघड आहे. त्याची सुरुवात मोजण्यापासून करावी लागेल. पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावातून, नगरपरिषदेत आपल्या प्रभागातून पहिला अर्ज जावा. अर्ज कसा लिहायचा हे समजत नसेल तर आपल्या तालुक्यातील कोणत्याही आंबेडकरी वकिलाचे दार ठोठवा. दार उघडले नाही तर त्याला जाब विचारा.

जयभीम!